पूंगोडीचा उजवा हात

खोडरबर माझा होता. बाकीचं कोणी मानो न मानो, एवढं तरी मी कबूल करते. माझा नवरा म्हणतो, "कोमळा, दोन वर्षं झाली, तेच तेच काय उगाळत बसलीस? रबर दिलास ना, कुऱ्हाड तर नाही मारलीस?" त्याला काय जातंय बोलायला! त्याला त्या कागदावरची पेन्सिलीची खूण दिसत नाही. मला दिसते. भात उपसताना दिसते, देवापुढे डोळे मिटले तरी दिसते.

आमचं ऑफिस तिरुचीत, तिल्लैनगरात, एका कापडदुकानाच्या डोक्यावर. काम म्हटलं तर सोपं, म्हटलं तर डोकं उठवणारं. परदेशातल्या जुन्या चर्चच्या वह्यांचे फोटो पडद्यावर यायचे. दोनशे वर्षांपूर्वी कोण जन्मलं, कोणाचं कोणाशी लग्न लागलं, कोण कशानं गेलं, ते सगळं आम्ही टाइप करायचं. त्यांच्या पतवंडांना म्हणे आपले पूर्वज शोधायचे असतात. शोधोत बापडे. आम्हाला आमची पणजी कुठं पुरली का जाळली ते ठाऊक नाही, पण कुठल्याशा खेड्यातला लोहार कावीळ होऊन मेला, हे आमच्या हातून लिहून झालेलं आहे.

यातली गंमत अशी की एकच पान दोघींना देतात. दोघी वेगवेगळ्या रांगांत, एकमेकींकडे पाठ करून बसतात. बोलायचं नाही, विचारायचं नाही. मग मशीन दोघींचं काम एकावर एक ठेवून बघतं. जुळलं ते बरोबर. नाही जुळलं तिथं तांबडं येतं. तांबडं आलं की तपासणीच्या खुर्चीकडे जातं आणि त्या खुर्चीवरचं माणूस मूळ पान बघून ठरवतं, चूक कोणाची. नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारणार, "पण अक्का, दोघींनी एकच चूक केली तर?" आम्ही सगळ्या हसायचो. "अगं, दोघी एकच चूक कशाला करतील? काय ठरवून करणार आहात?"

पूंगोडी माझी जोडीदार. सहा वर्षं. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण दोघी उरैयूरच्या एकाच टायपिंग क्लासच्या. तिथले मास्तर जुन्या लोखंडी यंत्रांवर शिकवायचे आणि पाठीत रट्टा घालून सांगायचे, "अक्षर दाबायचं नसतं, ठोकायचं असतं! कार्बनखालच्या चौथ्या कागदावर उमटलं पाहिजे!" आम्ही ठोकायला शिकलो ते शिकलोच. कॉम्प्युटर आला तरी हात तेच. त्यात पूंगोडीचं ठोकणं म्हणजे विचारू नका. माझी तिच्याकडे पाठ असायची, पण नुसत्या आवाजावरून मला कळायचं की ती आता पानाच्या कितव्या ओळीवर आहे. हॉलमधल्या पोरी म्हणायच्या, "पूंगोडी टाइप नाही करत, चटणी कुटते."

"कुटते तर कुटते," ती म्हणायची, "पण खडा नाही ना येत एक?"

येत नव्हता. आमच्या जोडीला सगळ्यांत कमी तांबडं यायचं. साहेब ज्ञानशेखरन कोणाचं कौतुक करायचं म्हटलं की तोंड वाकडं करायचे, पण आमच्याबद्दल तेही म्हणायचे, "ह्या दोघींना देवानं एकाच वहीतून फाडलंय."

पूंगोडीला जगात दोन गोष्टींचा अभिमान. एक, तिचा टायपिंगचा वरच्या परीक्षेतला पहिला वर्ग, आणि दुसरी, तिच्या लेकीचे केस. यालिनी तेव्हा नऊ वर्षांची. केस कमरेच्या खाली, काळेभोर, दाट. नवरा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात, महिन्याकाठी एकदा यायचा. तेव्हा घरातलं सगळं हिच्या एकटीवर. तरी रोज सकाळी तेल लावून, विंचरून, दोन घट्ट वेण्या घालून, त्या वर दुमडून रिबिनी बांधल्याशिवाय पोरीला शाळेत सोडायची नाही. मी म्हणायचे, "अगं, काप जरा. निम्मी सकाळ त्यातच जाते तुझी."

"अक्का, जीभ आवर," ती खरोखर रागवायची. "माझ्या आईचे असेच होते. एक बोट कापू द्यायची नाही मी."

दुखणं कधी सुरू झालं ते मला नक्की सांगता येणार नाही. आमचे पडदे असे मांडलेले की जुन्या पानाचा फोटो डावीकडे आणि टाइप करायचा चौकोन उजवीकडे. दिवसभर मान डावीकडे वळवायची, उजवीकडे आणायची. संध्याकाळी सगळ्याच जणी मान चोळत जिना उतरायच्या. बाम सगळ्यांच्या पर्समध्ये. त्यामुळे पूंगोडी मान चोळायला लागली तेव्हा मी लक्ष दिलं नाही. मग तिचा खांदा ठणकायला लागला. मग कोपर. एके दिवशी डबा खाताना तिच्या बोटांतून दहीभाताचा घास निसटला आणि साडीवर पडला. ती हसली, मीही हसले.

"करंगळीला मुंग्या येतात गं अक्का," ती म्हणाली. "कधीकधी बोट आहे की नाही तेच कळत नाही. तुला होतं का असं?"

होत होतं. खोटं कशाला बोलू? मुंग्या नव्हत्या, पण उजव्या कोपरात अशी कळ यायची की पाण्यानं भरलेली कळशी उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण मी म्हणाले, "छे! मला काय धाड भरलीय? तू रात्री गरम पाण्यानं शेक, जाईल."

का म्हणाले? तेही सांगते. तपासणीच्या खुर्चीवरचे रंगराजन अण्णा त्या वर्षी निवृत्त होणार होते. ती खुर्ची म्हणजे स्वर्ग. टायपिंग नाही, अक्षरांची मोजणी नाही, नुसतं तांबडं बघायचं आणि बोट लावून सांगायचं. साहेबांनी ठरवलं होतं, वर्षभरात ज्या जोडीला सगळ्यांत कमी तांबडं, त्या जोडीतल्या थोरलीला विजयादशमीला खुर्ची. म्हणजे मला. एकोणीस वर्षं ठोकत होते मी. त्या खुर्चीकडे बघत बघत माझे केस पिकले. पण अट एकच होती, जोडी वर्षभर तुटता कामा नये.

विजयादशमीला तीन आठवडे उरले होते आणि नेमकी ती डॉक्टरीण उपटली.

बेनिटा तिचं नाव. कोवळी पोर, व्यायामाची डॉक्टर. परदेशी गिऱ्हाइकाकडून हुकूम आला होता की म्हणे कामगारांची तब्येत तपासा. तिनं तासभर हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, कोणाच्या खुर्चीखाली लाकडाची फळी सरकवली, कोणाच्या पडद्याखाली वह्यांचा गठ्ठा ठेवला. पूंगोडीच्या मागं मात्र ती बराच वेळ थांबली.

"टाइपरायटरवर शिकलात का हो?"

"होय मॅडम. पहिला वर्ग," पूंगोडी ताठ होऊन म्हणाली.

"मग जरा हळू. तुम्ही किती जोरात मारलं ते ह्या बटणाला कळत नाही, तुमच्या मानेला कळतं."

मग तिनं कागद वाटले. कागदावर माणसाचा नुसता आकार काढलेला, एक पुढून, एक पाठीमागून. दुखतं तिथं फुली मारायची. जिच्या कागदावर फुल्या, तिची नीट तपासणी होणार आणि तिला महिना-दोन महिने हलकं काम, पानांचे फोटो क्रमानं लावायचं वगैरे. टायपिंग बंद. पगार तोच. ती पोर चांगलंच सांगत होती, पण मी विजयादशमीचे दिवस मोजत होते. टायपिंग बंद म्हणजे जोडी तुटली. जोडी तुटली की वर्ष गेलं.

साहेबांनी कागदसुद्धा सवयीनं जोडीजोडीनंच वाटले. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो. सहा वर्षांत पहिल्यांदा एकच पान घेऊन आम्ही समोरासमोर बसलो होतो. तिनं पेन्सिल उचलली आणि पाठमोऱ्या माणसाच्या मानेवर फुली काढली. मग खांद्यावर. मग कोपरावर. मग हाताच्या टोकाशी, करंगळीवर, एक बारीकशी. फार जपून काढत होती. मी माझ्या कागदावर नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद तिच्याकडे फिरवून ठेवला.

ती बघत राहिली. "अक्का, तुझं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"कोपर सुद्धा नाही? परवा जिन्यात—"

"अगं, परवा झोपेत हात अवघडला होता. आता बाई माणूस म्हटलं की कुठं ना कुठं दुखायचंच. आपल्या आया काय फुल्या मारत बसल्या होत्या?"

तिनं दोन्ही कागद जवळ ओढले. एकदा माझ्या कोऱ्या माणसाकडे बघायची, एकदा तिच्या फुल्यांच्या माणसाकडे. त्या बघण्याची मला ओळख होती. पडद्यावर तांबडं आलं की तपासायला बोलावलं जायचं, तेव्हा ती अशीच बघायची. आपलं आणि जोडीदारणीचं जुळत नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं. सहा वर्षं मशीननं हेच तर शिकवलं होतं आम्हाला.

"माझंही तसंच असेल बहुतेक," ती हळूच म्हणाली. "उगाच बाऊ करते मी. रबर आहे का गं?"

मी पर्समधून खोडरबर काढून दिला. लेकाचा होता, हिरवा, अर्धा झिजलेला. तिनं चार फुल्या खोडल्या, कागदावर फुंकर मारली. करंगळीवरची फुली नीट गेली नाही, पुसट राहिली. तेवढी मी माझ्या हातानं खोडली. होय, मीच. ती डॉक्टरीण कागद गोळा करायला आली. तिनं आमचे दोन कागद एकावर एक ठेवून बघितले आणि पूंगोडीला विचारलं, "नक्की ना?" पूंगोडीनं माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मान डोलावताना तिचा चेहरा कळवळला, तेही मला दिसलं.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी आम्ही ऑफिस सारवल्यासारखं लख्ख केलं. सगळ्या कॉम्प्युटरांना गंध-कुंकू, झेंडूच्या माळा. उद्या कोणी त्यांना हात लावायचा नाही, हत्यारांना वर्षातली एक सुट्टी. पूंगोडीनं आपल्या बटणांवर चंदनाची बोटं ओढली आणि मला म्हणाली, "अक्का, माझ्या हातालाही लाव की गंध. तेही हत्यारच आहे. त्यालाही उद्या सुट्टी दे." पोरी हसल्या. मी म्हटलं, "चल, आगाऊ कुठली!"

मग प्रसाद वाटला, नेहमीचे चुरमुरे, फुटाणे आणि खोबरं. मी मूठ भरून तिच्यापुढे धरली. तिनं डावा हात पुढं केला.

"पूंगोडी! प्रसाद डाव्या हातानं घेतेस? लाज नाही वाटत?" सगळ्या हॉलपुढे बोलले मी. माझी जीभच तसली.

तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं उजवा हात उचलला, डाव्या हातानं खालून आधार देऊन, एखादं तान्हं उचलावं तसा. ओंजळीतले निम्मे चुरमुरे खाली सांडले. मला तेव्हा सगळं कळलं होतं. कळून मी खाली वाकले आणि चुरमुरे वेचायला लागले, कारण वर बघायची माझी छाती नव्हती.

विजयादशमीला मला खुर्ची मिळाली. पेढे वाटले. पूंगोडीनं माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला, तोही डाव्या हातानं, वाकडातिकडा.

तिला नवी जोडीदारीण दिली, एक तरतरीत पोरगी. आणि माझ्या टेबलावर तांबडं यायला लागलं. पूंगोडीचं तांबडं! उजव्या करंगळीखालची अक्षरं गळायला लागली होती तिची. फिलिपमधला, पॉलमधला, पीटरमधला इंग्रजी पी. तिला वाटायचं बोट पडलं, पण बोट पडलेलंच नसायचं. मूळ पान काढून मी बघायचे, चूक कोणाची ते अगदी स्पष्ट असायचं. काय करणार होते मी? मशीनला काय सांगणार होते? प्रत्येक वेळी तिच्याच नावापुढे खूण करायची. जानेवारीतल्या पोंगलपर्यंत दर दिवशी तीस-चाळीस खुणा. तिचं ठोकणंसुद्धा बदललं. आधी आवाज हळू झाला, मग अडखळायला लागला. त्या आवाजाला पाठ करून मी माझ्या मऊ खुर्चीवर बसायचे.

एकदा जिन्यात मी तिला म्हटलं, "अगं, आता तरी सांग साहेबांना. डॉक्टरिणीला बोलवूया."

"काय सांगू अक्का? कागदावर तर काहीच नाही माझ्या," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

साहेब वाईट नाहीत. त्यांनी तो जुना कागद फायलीतून काढला, कोरा माणूस दाखवला आणि म्हणाले, "बाई, सप्टेंबरात तुम्ही ठणठणीत होता. मग हे दुखणं इथलं कसं म्हणू मी?" मी तिथंच उभी होते. मी मूग गिळून राहिले. उन्हाळ्यात तिनं काम सोडलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं, मानेतली शीर दाबली गेलीय, ऑपरेशन करू, पण हातातलं गेलेलं बळ येईल याची खात्री नाही, आधीच का नाही आलात? आधीच. ऑपरेशन झालं. मान सुधारली. हात नाही.

यानंतर मी तिच्या घरी गेले नाही. दीड वर्ष! आज जाऊ, उद्या जाऊ. रस्त्यात लांबून दिसली की मी भाजीवाल्याशी उगाच हुज्जत घालत उभी राहायचे. ती भावाच्या औषधाच्या दुकानात बसते, एवढं कानावर होतं. गेल्या महिन्यात आयुधपूजेला मात्र राहवलं नाही. चुरमुऱ्यांची पुडी आणि चंदनाची डबी घेतली आणि उरैयूरच्या बसमध्ये बसले.

दार एका पोरानं उघडलं. निदान मला पोरगा वाटला. मग तो "पेरियम्मा!" म्हणून ओरडला, थोरल्या मावशीला म्हणतात तसं, आणि मला आवाज ओळखू आला. यालिनी! मानेपर्यंत कापलेले केस. माझ्या हातातली पुडी तिथंच पडली असती.

आत देवापुढे त्यांची हत्यारं मांडली होती. विळी, इस्त्री, यालिनीची शाळेची पुस्तकं, आणि एक मोठी कात्री. सगळ्यांना गंध-कुंकू. पूंगोडी चटईवर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला. बोटं जराशी वळलेली, बारीक झालेली. मला बघून ती मनापासून हसली. हेच मला सोसवत नाही.

"ये ये तपासणीवाल्या बाई! वाट चुकलीस का गं अक्का?"

मी कात्रीकडे बघत होते. तिनं ते बघितलं.

"वेणी एका हातानं घालता येत नाही गं," ती म्हणाली. "वर्षभर शेजारीण घालायची. किती दिवस कोणाच्या दारात पोरीला उभं करायचं? शेवटी मीच कापले. डाव्या हातानं. म्हणून असे पायऱ्यापायऱ्यांचे आलेत बघ."

"मला छान वाटतं," यालिनी म्हणाली. "डोकं हलकं." आणि आईकडे बघून घाईघाईनं आत निघून गेली.

मी डबी उघडली, चंदन उगाळलं आणि पूंगोडीचा उजवा हात हातात घेतला. गार होता. मनगटापासून बोटांपर्यंत गंध लावलं, मधोमध कुंकू टेकवलं. करंगळीवर पोचले आणि मला रडू फुटलं. इतकं की माझंच मला आवरेना.

"पूंगोडी, मी खोटं बोलले होते. माझं कोपर तेव्हाही दुखत होतं. तुझ्याइतकंच दुखत होतं. आता तर वरच जात नाही. खुर्चीपायी बोलले मी खोटं."

तिनं हात काढून घेतला नाही. तिला काढता येत होता की नाही कोण जाणे.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "की एकाच क्लासात शिकलो, एकच पान, एकच काम, मग मलाच का दुखतं? माझ्यातच काहीतरी खोट असणार. ऑपरेशनच्या टेबलावर सुद्धा हेच डोक्यात होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू एक फुली मारली असतीस ना अक्का, तर मी माझ्या खोडल्या नसत्या."

माफी मागायला गेले होते, आणि चंदनाच्या डबीचं झाकण लावत बसले.

यालिनी माझेच चुरमुरे दोन वाट्यांत घालून घेऊन आली. आईच्या वाटीत चमचा होता. चुरमुरे चमच्यानं खाताना मी आयुष्यात कोणाला बघितलं नव्हतं. पोरीनं माझी वाटी माझ्यापुढे धरली आणि मी सवयीनं उजवा हात पुढं केला. तो अर्ध्यावर आला आणि कोपरात कळ मारून तिथंच थांबला. वाटी तशीच पोरीच्या हातात राहिली.

पूंगोडीनं ते बघितलं.

"यालिनी," ती म्हणाली, "पेरियम्मालाही चमचा आण."